ऑइल नसताना पाच किलोमीटर गाडी चालवली, आता स्टार्ट करून बघू का?

औसा रोड | शनिवार, दुपारी ३:४०

मंडळी, तातडीचं आहे.

स्विफ्ट डिझेल, २०१५ची, १ लाख १२ हजार किमी झालेली. गुरुवारी लातुरात एका गॅरेजात सर्व्हिसिंग केलं, ऑइल आणि फिल्टर बदलला. आज सकाळी आईला घेऊन तुळजापूरला निघालो. औसा मागं टाकल्यावर बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "अरे, ती लाल चिमणी कामून पेटली?" बघतो तर ऑइलचा दिवा. त्याचा आकार रॉकेलच्या चिमणीसारखा दिसतो हे मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

परवाच ऑइल बदललंय, मग सेन्सरचं काहीतरी असेल असं वाटलं. बाहेर ४२ डिग्री, रस्त्याला सावली नाही, आईला शुगर. उजनी चार-पाच किलोमीटरवर होती. म्हटलं तिथल्या बासुंदीच्या हॉटेलापाशी थांबू आणि सावलीत बघू. वेग ८० वरून ५० वर आणला, एवढीच काय ती अक्कल वापरली.

गाव दिसायला लागलं तेव्हा बॉनेटमधून टिकटिक सुरू झाली. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात तिची जड ठकठक झाली आणि पिकअप गेला. हॉटेलसमोर चावी बंद केली तर इंजिन गचकन थांबलं, नेहमीसारखं हलकं थरथरलं नाही. खाली वाकून बघितलं तर चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्टच नाही, नुसतं भोक. मागचा बंपर आणि डिकीची काच ऑइलने माखलेली. गेज (ऑइल मोजायची पट्टी) काढलं तर ठणठणीत कोरडं.

शेजारचा मिस्त्री म्हणतोय, बोल्ट बसवतो, तीन लिटर ऑइल टाकतो, स्टार्ट मारून बघू, काही होत नसतंय. बोल्ट आणायला गेलाय तो. करू का?


डिझेलचा वास | ३:४३

नका करू. चावी खिशातून काढून आईच्या पिशवीत ठेवा.


चेंबरवाला नांदेड | ३:५८

भाऊ, बोल्ट बसवू द्या, ऑइल भरू द्या, पण सेल्फ मारू देऊ नका. वरून ओतलेलं ऑइल चेंबरात जाऊन बसतंय. पंपानं ते जाळीतून ओढायचं, फिल्टर भरायचा, मग गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांतून, क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला), तिथून वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला अन् टर्बोला. तोवर इंजिन कोरडंच फिरायलेलं असतंय. अन् तुमच्या गाडीत तर पंपानं हवा ओढलेली, म्हणून अजून उशीर.

आधी हे सांगा. बंद केल्यावर पुन्हा चावी फिरवली का? गाडी तापली होती का? अन् ठकठक वरून यायलती का खालून? वरची बारीक टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टेकूंची असते. तुमच्या इंजिनातले टॅपेट ऑइलच्या दाबावर फुगून राहतात, दाब गेला की ढिले पडून वाजतात, ऑइल आलं की पुन्हा गप. त्यानं घाबरायचं नाही. खालची जड ठकठक म्हणजे पिस्टन अन् क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. तो आवाज ऑइल टाकून जात नसतो.

गाडी शक्यतो उचलगाडीवर न्या. दोरीनंच ओढायची वेळ आली तर न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये टाकून 'चालू होतंय का बघू' केलं की जे वाचलंय तेबी जाईल. विम्याच्या कागदावर रोडसाइड असिस्टन्स लिहिलंय का बघा, बऱ्याच जणांनी पैसे भरलेले असतात अन् ध्यानातच नसतंय.


रिकामी वाटी | ४:०५

उजनीची बासुंदी स्वस्त अन् मस्त असं ऐकून होतो. ही वाटी लाखाला पडणार असं दिसायलंय.


परभणीची बाई | ४:०९

@रिकामी वाटी, त्यांची आई उन्हात अडकलीय आणि तुम्हाला विनोद सुचायलेत.


औसा रोड | ४:३०

आई पंख्याखाली आहे, ठीक आहे. तिला शुगर, म्हणून बासुंदी मीही तिच्यादेखत खाल्ली नाही, ताक प्यालो. वाटी तरी वाचली.

चेंबरवाला भाऊ, बंद केल्यावर चावी फिरवलेली नाही. तापल्याचा दिवा लागला नव्हता. आवाज शेवटी खालून येत होता, क्लचच्या पायापाशी जाणवत होता. मिस्त्रीने बोल्ट आणि ऑइल टाकलं. स्टार्ट नको म्हटल्यावर बिघडला, "मोबाईल बघून गाडी रिपेर करायलाव का?" म्हणाला. पैसे दिले, हात जोडले. लातूरहून उचलगाडी निघालीय.


शिफ्ट बी वाळूज | ५:१५

इंजिनचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणून दोन शब्द.

'ऑइल नसलं की घासतं' एवढंच सगळे म्हणतात, पण चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकलेलाच नसतो. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची, साधारण ०.०३ ते ०.०५, म्हणजे केसाहून बारीक. पंपाचं काम त्या फटीत सतत ऑइल पोचवत राहणं. पुरवठा तुटला की उरलेला थर थोडा वेळ तग धरतो. रिकाम्या आयडलला जरा जास्त, भाराखाली फारच कमी. डिझेलमध्ये स्फोटाच्या क्षणी पिस्टनवर शंभर बारच्या (बार हे दाबाचं माप) वर दाब येतो आणि तो सगळा रॉडच्या वरच्या अर्ध्या बेअरिंगवर जातो. म्हणून पहिलं तेच जातं.

आता बरी बाजू. बेअरिंगचं कवच बाहेरून पोलादी असतं, पण आतून तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, आणि बऱ्याच इंजिनांत त्यावर आणखी एक मऊ लेप. हा मऊपणा मुद्दाम ठेवलेला आहे. कचरा आला तर तो बेअरिंगमध्ये रुतावा, आणि झिजायची वेळ आली तर बेअरिंगने झिजावं, क्रँकने नाही. तुम्ही वेळेत थांबला असाल तर दोन हजारांच्या कवचांनी क्रँक वाचवला असेल. नसाल तर ते कवच वितळून चिकटतं, आपल्या खाचेतून सुटून रॉडच्या आत गोल फिरतं, रॉड निळा पडतो, आणि पुढं काय होतं ते लोक ब्लॉकला पडलेल्या भोकातून बघतात.

दिव्याबद्दलही सांगतो. तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर तो पेटतो. म्हणजे पेटला तेव्हा पंप आधीच हवा ओढत होता. 'लाल दिवा लागला, पुढच्या गावात बघू' याला अर्थच उरत नाही.


गोदाकाठ | रात्री ८:२०

ब्लॉकच्या भोकाचा विषय निघाला म्हणून. आमच्या ट्रॅक्टरचं असंच झालतं, उसाच्या सिझनला. दोन ट्रॉल्या मागं, कारखान्याची लाइन गाठायची घाई. ऑइलचा दिवा ड्रायव्हरला दिसला नाही, कारण त्यावर त्यानं देवाचं स्टिकर चिकटवलं होतं. ठकठक ऐकू आली नाही, कारण डेक फुल होता. उलट आवाज यायलाय म्हणून त्यानं डेक अजून वाढवला, हे त्यानं स्वतः सांगितलं, लई प्रामाणिक माणूस. मग रॉडनं ब्लॉकला खिडकी पाडली. हात आत जाईल एवढी. रस्त्यावर ऑइल, ऑइलवर ऊस.

वडील काही बोलले नाहीत. स्टिकर तेवढं काढलं.


लगेच विका | ८:४४

एवढं टेन्शन कशाला घ्यायलाव? २०-५० नंबरचं घट्ट ऑइल टाका, वरून आवाज दाबायचं औषध मिळतं त्याचा डबा टाका. पंधरा दिवस शांत चालते. तेवढ्यात ऑनलाइन टाकून विकून मोकळे व्हा. आणि विमा असेल तर चेंबरला खालून हातोडीचे दोन ठोके द्या, दगड लागला म्हणून क्लेम करा.


चेंबरवाला नांदेड | ९:०२

अशा विकलेल्या गाड्या शेवटी आमच्याकडंच येतात. महिनाभरात. गाडीसोबत नवीन मालकबी येतो, बायकोचे दागिने मोडून गाडी घेतलेला. त्याला काय सांगायचं ते तुम्ही येऊन सांगता का?

अन् घट्ट ऑइलचं म्हणाल तर या इंजिनाला ५-३० नंबरचं पातळ ऑइल सांगितलेलं असतंय. फटी बारीक, टर्बो मिनिटाला लाखाच्या वर चकरा मारतो. सकाळी गार इंजिनात घट्ट ऑइल टर्बोपर्यंत पोचायलाच वेळ लावतं. बेअरिंग वाचवायच्या नादात टर्बो घालवायचा.


क्लेमवाला बीड | रविवार, सकाळी ७:१०

हातोडीच्या सल्ल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. सर्व्हेअर रोज चेंबरच बघत असतो. दगड लागतो तो पुढून मागं खरचटत जातो, रंग ओढला जातो, खाचेत माती रुतते. हातोडीचा वळ गोल आणि जागच्या जागी. शिवाय बोल्टच्या आट्या शाबूत असून बोल्ट गायब म्हणजे तो सुटून पडलाय हे लहान मूलही सांगेल. क्लेम तर जाईलच, खोटेपणाची नोंद राहील ती वेगळी.

खरी स्थिती अशी. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात (नुसत्या थर्ड पार्टीत नाही) आदळआपट, आग, पूर, चोरी येते. यांत्रिक बिघाड येत नाही. 'इंजिन प्रोटेक्ट' घेतलेलं असेल तर खालून मार लागून ऑइल गळालं आणि त्यामुळं इंजिन गेलं, किंवा पावसात इंजिनात पाणी शिरलं, हे साधारण त्यात बसतं. गॅरेजवाल्याने बोल्ट ढिला ठेवला हे त्यात बसवणं अवघड. तरी आपल्या पॉलिसीच्या अटी वाचा, कंपनीगणिक शब्द बदलतात.

आणि एक कलम सगळ्यांच्या पॉलिसीत असतं पण कोणी वाचत नाही. अपघात किंवा बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी तशीच हाकली, तर त्याने वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. म्हणजे समजा खरोखर दगड लागला असता, तरी दिवा लागल्यानंतरचे पाच किलोमीटर तुमच्याच खात्यावर गेले असते.


परभणीची बाई | ९:३५

माझाही किस्सा सांगते. दोन वर्षांपूर्वी, वॅगनआर पेट्रोल, जिंतूर रोडवर. आदल्या दिवशी ऑइल बदललेलं. लाल दिवा लागला, मी तिथंच डांबर सोडून बाभळीखाली घेतली आणि बंद केली. फार तर तीनशे मीटर चालली असेल. तीन जण थांबले. तिघांनी एकच सांगितलं, "मॅडम, सेन्सर असतो, चालवा बिनधास्त." चौथे एक टेम्पोवाले काका होते, ते म्हणाले, गेज बघा की आधी.

जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली होती आणि पोराने तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. दोन रिंगा एकावर एक. दाब आला की वरची सरकते आणि ऑइलची पिचकारी सुटते. नवा फिल्टर, नवं ऑइल, सेल्फ मारण्याआधी काय करायचं ते काकांनी करून घेतलं. त्यावर आज चाळीस हजार किमी झाले, काही आवाज नाही.

तेव्हापासून फिल्टर काढला की जुनी रिंग मला हातात दाखवायला सांगते. गॅरेजातली पोरं हसतात. हसू देत.


औसा रोड | ११:५०

ताई, तुमचे तीनशे मीटर वाचून पोटात गोळा आला.

गाडी ओळखीच्या मिस्त्रींकडे पोचलीय, अर्थात ते गुरुवारचं गॅरेज नाही. चेंबरवाला भाऊ, ते विचारतायत, क्रँक हाताने फिरवून बघू का?


चेंबरवाला नांदेड | दुपारी १२:२०

फिरवा. गिअर न्यूट्रल, हिटर प्लग काढले तर आतली दाबलेली हवा सुटून हात हलका चालतोय. पुलीच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) लावून लांब दांड्यानं, इंजिन ज्या बाजूनं फिरतंय त्याच बाजूनं. दोन पूर्ण चकरा. जाम लागलं तर जोर करायचा नाही, तिथंच थांबायचं. सगळीकडं सारखं लागलं तर देव पावला समजा. एका जागी जड, मग हलकं, मग पुन्हा त्याच जागी जड, असं झालं तर एखादं बेअरिंग धरलंय.

मग फिल्टरचा कागद कापा, धातूची चमक दिसतेय का बघा.

टर्बोचं हवेचं पाइप सोडून दांडी बोटानं हलवा. बाजूला किंचित हलली तर चालतंय, ती ऑइलवरच तरंगणारी असते. आत-बाहेर हलली किंवा पंखा घराला घासला तर टर्बो गेला.


रिकामी वाटी | १२:३१

काल विनोद केला त्याबद्दल माफी असावी. तरी एक सांगतो. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, मिरजेहून. तुमच्या गाडीचं ऑइलबी आता लातूर जिल्ह्याच्या डांबरावर सांडलंय, तेवढी उधारी फिटली.


औसा रोड | सायंकाळी ६:०५

तपशिलात लिहितो, पुढं कोणाला उपयोगी पडेल.

क्रँक फिरला. पहिली चक्कर जड, पण अडली नाही. दुसऱ्या चकरेत एका जागी दांडा जरा थांबल्यासारखा झाला, मिस्त्रींनी दोनदा मागं घेऊन पुन्हा पुढं नेला, मग गेला. टर्बोची दांडी ठीक आहे म्हणाले. मी पण बोटाने हलवून बघितली.

मग फिल्टर. कागदाची घडी कात्रीने कापून स्टीलच्या ताटात पसरली आणि उन्हात धरली. आधी मला काही दिसलं नाही, काळं ऑइल होतं. ताट जरा कलतं केलं तेव्हा घड्यांच्या कडेला चमक दिसली. रांगोळीत मिसळतात तसली चमकी. बहुतेक चंदेरी, आणि मधूनमधून तांबूस. मिस्त्रींनी डेकच्या जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवलं. दोन-चार कण उभे राहिले, बाकी हललेच नाहीत. "लोखंड नाही, बेअरिंगचा माल आहे," म्हणाले.

तांबूस दिसल्यावर ते जरा गप्प झाले.


शिफ्ट बी वाळूज | ६:४०

तांबूस म्हणजे वरचा मऊ लेप संपून खालचा थर निघायला लागलाय. चुंबकाला फारसं चिकटलं नाही ही चांगली खूण, क्रँकचं पोलाद खरवडलं गेलेलं नसावं. चेंबर उघडा. आता कोणी 'ऑइल बदलून बघू' म्हटलं तरी स्टार्ट नको.


क्लेमवाला बीड | ६:५२

उघडण्याआधी थांबा! गुरुवारच्या गॅरेजकडून काही मागायचं असेल तर आधी त्यांना लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर आणि स्पीड पोस्टाने, की अमुक दिवशी इंजिन उघडतोय, येऊन बघा. आधीच उघडलं तर ते म्हणणार की तुमच्याच मिस्त्रीने बिघडवलं. जॉब कार्ड, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, बोल्टच्या भोकाचे फोटो, चेंबरला मार नसल्याचे सगळ्या बाजूंनी फोटो, जुना फिल्टर, काही फेकू नका.

नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून बघा, कधी कधी तेवढ्यानेच समोरचा जागा होतो.

मात्र समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, दिवा लागल्यावर किती किलोमीटर चालवली? खरं तेच सांगा. या धाग्यात तुम्ही लिहूनच ठेवलंय.


औसा रोड | सोमवार, रात्री ९:१५

कळवलं. गॅरेजवाला आधी फोनवर म्हणाला, गाडी खड्ड्यात आपटली असणार. चेंबरचे फोटो पाठवल्यावर अर्धा तास गप्प. मग स्वतःच आला. ज्या पोराने बोल्ट लावला होता त्याला सोबत घेऊन आला, ते बिचारं अठरा-एकोणीसचं असेल, खाली मान घालून उभं. जेवायला बोलावलं म्हणून हाताने आवळून ठेवलेला बोल्ट, पान्याने आवळायचा राहिला, एवढंच. मला त्या पोरावर रागावता येईना.

उद्या सगळ्यांसमोर चेंबर उघडायचं ठरलंय.


औसा रोड | मंगळवार, रात्री १०:३०

चेंबर उतरलं. तळाला तीच चमकी, बोटाने ओढली की रेघ उठत होती. जाळी निम्मी भरलेली.

रॉडच्या टोप्या एकेक करून सोडल्या. प्रत्येकीवर आणि तिच्या रॉडवर मार्करने नंबर टाकला. एका रॉडची टोपी दुसऱ्याला चालत नाही, तुटलेल्या कपासारखी तिची कड तिच्याच रॉडला बसते. एक आणि चार नंबरची कवचं बरी निघाली, मधोमध घासल्याची राखाडी पट्टी. दोन आणि तीनची वरची अर्धी कवचं तांब्याच्या भांड्यासारखी लाल. तीनचं एका कडेला काळं पडून चिकटायला लागलेलं. पण खाचेतून सुटलेलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "अजून एक किलोमीटर गेला असतास तर हे फिरलं असतं."

मग क्रँक. त्यांनी अंगठ्याचं नख तीन नंबरच्या जागेवर आडवं फिरवलं, मला पण फिरवायला लावलं. नख कुठंच अडलं नाही. लेथवाल्याला बोलावून गाडीखाली झोपवून मायक्रोमीटरने मापं घेतली, चारी स्टँडर्डमध्ये. म्हणजे क्रँक लेथवर घासून दहा-वीस नंबरच्या जाड बेअरिंगांच्या मापाला आणायची गरज नाही. हे ऐकून मी तिथंच पायरीवर बसलो.


शिफ्ट बी वाळूज | १०:५०

अभिनंदन, पण मेन बेअरिंगचं, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांच्यावर फिरतो त्यांचं काय? रॉडचं लाल झालंय तर मेनचीही थोडी झीज झालेली असणार. मी असतो तर इंजिन उतरवून तीही बघितली असती.


चेंबरवाला नांदेड | ११:१०

साहेब, तुमचं पुस्तकाप्रमाणं बरोबर. पण इंजिन उतरवायचं म्हणजे पंचवीस-तीस हजार नुसत्या उतरवण्या-चढवण्याला अन् पॅकिंगला. माझं म्हणणं, रॉडची बेअरिंगं अन् रॉडबोल्ट नवे टाका, जाळी अन् गॅलरी धुवा, मग गरम इंजिनवर दाब मोजा. आयडलला एक बारच्या आसपास अन् दोन हजारला तीनच्या आसपास मिळाला तर मेन ठीक. कमी पडला तर उतरवा, मग माझं काही म्हणणं नाही.


शिफ्ट बी वाळूज | ११:१८

पंप चांगला असला तर मेन झिजलेली असूनही दाब चांगला दिसू शकतो. माझं मत आहे तिथंच आहे. पण खिसा त्यांचा.


औसा रोड | शुक्रवार, सायंकाळी ७:००

खिशाने नांदेडची बाजू घेतली.

नवी बेअरिंगं, नवे रॉडबोल्ट, नवं चेंबर वॉशर. चेंबर डिझेलने तीनदा धुतलं. फिल्टर बसवण्याआधी त्याच्या घरात ऑइल ओतलं. मग चारी इंजेक्टरचे कपलर (वायरचे जोड) काढून ठेवले, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल. सेल्फ दहा सेकंद, मग विसावा, पुन्हा दहा सेकंद. डॅशबोर्डवरची चिमणी तिसऱ्या खेपेला विझली. आई शेजारी उभी होती, ती म्हणाली, "विझली बघ." मग कपलर लावले आणि चावी फिरवली.

लागली. टॅपेटची टिकटिक अर्धा मिनिट, मग शांत. खालून काही नाही. गरम झाल्यावर दाबाचं मीटर लावलं: आयडलला १.१ बार, दोन हजारला ३.२. पन्नास किमी चालवून ऑइल-फिल्टर पुन्हा बदलला, फिल्टरमध्ये चिमूटभर चमकी होती, आधीचीच उरलेली असावी म्हणतात.

एकूण २१,४०० रुपये. गॅरेजवाल्याने बेअरिंग, रॉडबोल्ट आणि दोन्ही वेळचं ऑइल स्वतःच्या खिशातून दिलं, मजुरी मी दिली. आयोगाकडे गेलो नाही. पाच किलोमीटर माझेच होते.


परभणीची बाई | ७:२६

आणि त्या पोराचं काय झालं?


औसा रोड | ७:४०

कामावर आहे. मालकाने आता त्याला पान्याने आवळल्यावर बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ मारायला लावलीय. रेघ नसली तर गाडी बाहेर सोडायची नाही.


औसा रोड | पाच आठवड्यांनी, रविवार

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. १,१०० किमी झाले. पुन्हा फिल्टर कापला, कागद स्वच्छ. गेज दर रविवारी बघतो, पातळी जागेवर. तुळजापूरला जाऊन आलो, उजनीत गाडी थांबवली तेव्हा आईने आधी उतरून खाली वाकून बघितलं.

एकच गोष्ट. सकाळी गार गाडी लावली की दोन सेकंद टिकटिक येते, मग थांबते. आधी एवढी यायची नाही.


चेंबरवाला नांदेड | थोड्या वेळाने

दोन सेकंद चालतंय. पाचवर गेली की मला सांगा, अन् व्हिडिओ टाका, बॉनेट उघडून, पंखा लागण्याआधी.